फिरतीवरचे डॉक्टर



आमच्या घरी 'पॅथॉलॉजी' हा शब्द आजवर एकाच अर्थाने वापरला जात असे : रक्त-लघवी तपासायची जागा. नाशिकला चौकातली लॅब, सकाळी उपाशीपोटी जायचं, कापसाचा बोळा दाबून धरत घरी यायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट आणायचा. त्या रिपोर्टखाली सही करणारे डॉक्टर नेमकं काय शिकलेले असतात, किती वर्षं शिकतात, कुठे शिकतात, हे विचारायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. ती गेल्या वर्षी आली.

आई आमच्याकडे राहायला आलेली होती. छातीत गाठ लागली म्हणून इथल्या एका हॉस्पिटलात दाखवलं. सुईने छोटा तुकडा काढला आणि आठवडाभरात रिपोर्ट मिळेल असं सांगितलं. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही, ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना ते सांगायला नको. सहाव्या दिवशी न राहवून फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी सभ्यपणे सांगितलं की ट्रेनिंगमधल्या डॉक्टरांनी स्लाइड पाहिली आहे, कन्सल्टंटनी आणखी एक तपासणी मागवली आहे, अजून दोन-तीन दिवस लागतील.

झालं! आम्ही दोघंही आयटीवाले. नव्या पोराने लिहिलेला कोड थेट प्रॉडक्शनला जाताना पोटात कसा गोळा येतो ते आम्हाला चांगलं ठाऊक. आणि इथे तर आईची गाठ कुणी शिकाऊ माणूस बघतो आहे! त्या रात्री घरात बराच आरडाओरडा झाला (म्हणजे आमचाच, आई शांत होती).

मंडळातल्या आमच्या एका स्नेह्यांची मुलगी इथे पॅथॉलॉजीची रेसिडेंट आहे, चौथ्या वर्षाला. शनिवारी तिला पोहे खायला बोलावलं आणि पोहे बाजूला ठेवून प्रश्नांची सरबत्ती केली. ती त्या हॉस्पिटलात नाही, आणि असती तरी आईच्या स्लाइडबद्दल एक अक्षर बोलली नसती, हे तिने आधीच स्पष्ट केलं. "पण काका, आम्ही कसे शिकतो ते मात्र सांगते," म्हणाली. तिने जे सांगितलं आणि नंतर आम्ही शोधून वाचलं ते सगळं मिळून हा लेख. चुकलंमाकलं तर मंडळातल्या डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथे एम.बी.बी.एस. (किंवा ड्यूक-एनयूएसमधली एम.डी.) झाल्यावर एक वर्ष हाउस ऑफिसर म्हणून काढावं लागतं. त्यात मेडिसिन, सर्जरी असे चार-चार महिन्यांचे टप्पे असतात. म्हणजे पॅथॉलॉजीकडे वळणाऱ्या मुलीनेही रात्रीच्या ड्यूटीवर सलाइन लावलेलं असतं आणि पहाटे तीनला नातेवाइकांना तोंड दिलेलं असतं. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे लॅबवाला नव्हे, आधी डॉक्टर, हे आम्हाला तिथेच पहिल्यांदा नीट कळलं. मुलांच्या बाबतीत मध्ये नॅशनल सर्व्हिसचा उरलेला भागही येतो. आपल्यापैकी ज्यांनी पी.आर. घेतलंय आणि घरात मुलगे आहेत, त्यांनी वर्षांची बेरीज करताना हे विसरू नये.

त्यानंतर रेसिडेन्सी. सिंगापूरमध्ये २०१० पर्यंत ब्रिटिश वळणाचं बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असं दोन पायऱ्यांचं प्रशिक्षण होतं. २०१० पासून अमेरिकन धर्तीची रेसिडेन्सी आली : ठरलेली वर्षं, ठरलेला अभ्यासक्रम, प्रत्येक टप्प्याला लेखी मूल्यमापन, आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा. पॅथॉलॉजीला पाच वर्षं. गंमत अशी की चौकट अमेरिकेकडून घेतली तरी परीक्षा मात्र लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सची, म्हणजे एफ.आर.सी.पॅथ. सांगाडा एकीकडचा आणि मसाला दुसरीकडचा, हे सिंगापूरला नवीन नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे रोटेशन. आपल्याकडे 'फिरतीची नोकरी' म्हणतात ना, तसं हे फिरतीचं शिक्षण. पण आम्हाला स्वतःला ते कळलं ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपवरून. आठवतंय का? फिटिंग, सुतारकाम, स्मिथी, वेल्डिंग अशी पाळी लागायची. पुढे कॉम्प्युटर घेणारा असो की सिव्हिल, कानशीने लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणल्याशिवाय सुटका नाही. आणि शेवटी जॉब दाखवून जर्नलवर सरांची सही. सही नाही तर टर्म नाही!

पॅथॉलॉजीत हेच होतं, फक्त तुकडा लोखंडाचा नसतो.

सगळ्यात मोठा काळ जातो सर्जिकल पॅथॉलॉजीत. ऑपरेशन थिएटरमधून किंवा ओपीडीतून शरीराचा जो जो भाग काढला जातो, तो या विभागात येतो. सिंगापूर जनरल हॉस्पिटलच्या आवारात 'अकॅडेमिया' नावाची जोड-मनोऱ्यांची इमारत आहे, त्यातल्या डायग्नॉस्टिक्स टॉवरमध्ये हे काम चालतं. औटरम पार्क एमआरटीवरून आपण कित्येकदा गेलो असू, वरती काय चालतं याचा पत्ता नव्हता.

तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरवावा लागतो. फॉर्मलिन आत शिरायचा वेग साधारण तासाला एक मिलिमीटर, त्यामुळे मोठा अवयव असेल तर घाई करून उपयोग नाही. स्तनाच्या गाठीवर पुढे हार्मोनच्या चाचण्या करायच्या असतील तर किमान सहा तास आणि जास्तीत जास्त ७२ तास मुरलेला असावा असा दंडक आहे. हाड असेल तर त्यातलं कॅल्शियम काढून ते मऊ करावं लागतं, त्यात आणखी दिवस जातात. (आम्ही आठवडाभर 'हे लोक करतात तरी काय' म्हणून चिडलो होतो, त्याचं अर्धं उत्तर इथे होतं.)

मग येते 'ग्रॉसिंग'. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी अवयव बघायचा, मोजायचा, वजन करायचं, कडांना शाई लावायची आणि नेमक्या कुठल्या जागेतून छोटे तुकडे घ्यायचे ते ठरवून कापायचं. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटची फिरती इथून सुरू होते. आधी पित्ताशय, अपेंडिक्स, त्वचेचे छोटे तुकडे. हे त्यांचे फिटिंगचे पहिले जॉब. मग हळूहळू आतड्याचा भाग, संपूर्ण स्तन, आणि बऱ्याच उशिरा स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन, ज्यात चार-पाच अवयव एकमेकांना चिकटलेले येतात. कडांना शाई का, तर सर्जनने काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत कॅन्सर पोचला आहे की मध्ये निरोगी भाग आहे, हे नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्या शाईवरूनच कळतं. चुकीच्या जागी सुरी चालली तर ते पुन्हा जोडता येत नाही. आपल्यासारखं 'अन्डू' नाही तिथे. म्हणून तर सुरुवातीला शेजारी कुणीतरी अनुभवी उभं असतं.

घेतलेले तुकडे रात्रभर यंत्रातून जातात, पाणी निघून त्या जागी मेण भरतं. सकाळी त्या मेणाच्या वडीतून तीन-चार मायक्रॉनचा काप काढतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भाग समजा. हे कौशल्य डॉक्टरांचं नाही, तंत्रज्ञांचं. आमची डॉक्टरीणबाई म्हणाली की तिने एकदा हौसेने करून पाहिलं तर कापाचा चुरा झाला आणि तेव्हापासून ती तंत्रज्ञांशी फार अदबीने बोलते. मग दोन रंग. निळसर-जांभळा हिमॅटॉक्झिलिन, जो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून निघतो, आणि गुलाबी इओसिन. जगभर रोजच्या स्लाइडना हेच दोन रंग. पेशीचं केंद्र जांभळं, बाकीचं गुलाबी.

या स्लाइड आधी रेसिडेंटच्या टेबलावर येतात. त्याने एकट्याने बघायचं, आपलं मत ठरवायचं, कच्चा रिपोर्ट लिहायचा. वाटल्यास पुस्तकं उघडायची. त्यानंतर कन्सल्टंटसमोर बसायचं. सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांसाठी दोन नेत्रिका असतात, दोघांना एकाच वेळी तेच दिसतं. याला 'साइन-आउट' म्हणतात आणि सगळं शिक्षण याच्याभोवती फिरतं. रेसिडेंट म्हणतो, मला हे अमुक वाटतं. कन्सल्टंट म्हणतात, का? तिथून पुढचा पाऊण तास घाम फुटतो. रिपोर्ट बदलला जातो, कधी पूर्ण उलटा होतो, आणि सही कन्सल्टंटची होते. पाचव्या वर्षाचा रेसिडेंट जवळजवळ स्वतंत्रपणे सगळं करत असतो, मोठ्या केसेस हाताळतो, धाकट्यांना शिकवतो, पण अंतिम सही? तेव्हाही कन्सल्टंटचीच.

हे ऐकल्यावर आमचा पारा पहिल्यांदा खाली आला. म्हणजे शिकाऊ माणूस कन्सल्टंटच्या *ऐवजी* बघत नव्हता, *आधी* बघत होता. आईची स्लाइड एकाच्या जागी दोघांनी पाहिली होती. आमच्या कंपनीत कोड रिव्ह्यू म्हणतात त्यात निम्म्या वेळा रिव्ह्यू करणारा न वाचताच 'ठीक आहे' लिहितो. इथे दोघं एकाच भिंगात डोकं घालून बसतात, पळवाट नाही.

सर्जिकलमध्येच एक वेगळा थरार असतो, 'फ्रोझन सेक्शन'. रुग्ण टेबलावर भुलेत आहे, सर्जन हात धुऊन थांबला आहे, आणि एक तुकडा लॅबमध्ये येतो. मुरवायला, मेणात भरायला वेळ नाही. तो उणे वीस अंशांच्या आसपास गोठवायचा, काप काढायचा, रंगवायचा आणि वीसेक मिनिटांत थिएटरमध्ये फोन करायचा : कड मोकळी आहे किंवा नाही. गोठवलेल्या तुकड्यात बर्फामुळे चित्र धूसर असतं. इथे रेसिडेंट पहिली दोन वर्षं बहुतेक बघतो आणि ऐकतो. ज्येष्ठ झाला की फोन तो करतो, पण शेजारी कन्सल्टंट असतात. आमची डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, त्या वीस मिनिटांत 'मला माहीत नाही, पक्का रिपोर्ट येईपर्यंत थांबा' असं म्हणायला शिकणं हेच सगळ्यात अवघड."

सायटॉलॉजी, म्हणजे तुकडा नव्हे तर सुट्या पेशी बघणं, ही वेगळी फिरती. थायरॉइडच्या गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशी, पॅप स्मिअर, छातीतलं पाणी. काही ठिकाणी सुई घालताना रेसिडेंट शेजारी उभा राहून तिथेच स्लाइड बघून सांगतो की पुरेशा पेशी आल्या की परत टोचावं लागेल.

मग शवविच्छेदन. याबद्दल बोलायला आपल्याकडे संकोच असतो, पण थोडं सांगायला हवं. पूर्वी हॉस्पिटलात मृत्यू झाला की कारण नक्की करण्यासाठी नातेवाइकांच्या संमतीने शवविच्छेदन होत असे. स्कॅन वगैरे आल्यापासून हे जगभर खूप कमी झालं. त्यामुळे शिकणाऱ्यांना पुरेशा केसेस हॉस्पिटलात मिळत नाहीत आणि फॉरेन्सिक विभागातली फिरती महत्त्वाची ठरते. सिंगापूरमध्ये हे काम हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीकडे आहे, औटरमच्याच परिसरात, जनरल हॉस्पिटलच्या ब्लॉक ९ मध्ये. याच ऑथॉरिटीची रक्तपेढी तिथे जवळच आहे, मंडळातल्या ज्यांनी रक्तदान केलंय त्यांना तो भाग ओळखीचा असेल. अचानक, अनैसर्गिक किंवा कारण न कळलेला मृत्यू असेल तर तो कॉरोनरकडे जातो आणि शवविच्छेदन करायचं की नाही हे कॉरोनर ठरवतो. तिथे कुटुंबाची परवानगी हा मुद्दा हॉस्पिटलसारखा नसतो. परदेशात राहणाऱ्या माणसाला हा फरक आधी माहीत असलेला बरा, ऐनवेळी कळला की जास्त त्रास होतो. रेसिडेंट इथे अवयव तर बघायला शिकतोच, पण त्याहून जास्त तो शिकतो एक गोष्ट संपूर्ण वाचायला. एरवी त्याच्यासमोर माणसाचा नखाएवढा तुकडा असतो. इथे पूर्ण माणूस असतो आणि बाहेरच्या खोलीत त्याचे नातेवाईक.

आता त्या 'रक्त-लघवी'कडे येऊ. हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिकल पॅथॉलॉजी या प्रयोगशाळांच्या फिरत्या असतात आणि तिथलं काम सर्जिकलच्या अगदी उलट असतं. तिथे एक तुकडा आणि तीन तास असा हिशोब नसतो, यंत्रांमधून दिवसाला हजारो नळ्या जातात. हिमॅटॉलॉजीत रक्ताचा थर काचेवर पसरून बघणं आणि बोन मॅरो. मायक्रोबायॉलॉजीत जंतू वाढवणं, कुठलं अँटिबायोटिक चालेल ते काढणं, आणि सिंगापूर असल्यामुळे डेंग्यू. केमिकल पॅथॉलॉजीबद्दल ती बोलायला लागली तेव्हा मात्र आमच्या अंगात एकदम उत्साह संचारला! कारण तिथे यंत्र बरोबर चाललंय का हे बघायला रोज माहीत असलेल्या नमुन्याचं मोजमाप करतात आणि आलेखावर टिंब टाकतात. सरासरीपासून किती दूर गेलं, सलग किती वेळा एकाच बाजूला गेलं, त्यावरून यंत्र थांबवायचं का ते ठरतं. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० मध्ये ही पद्धत लॅबमध्ये आणली. मूळ कल्पना कारखान्यातली, शेवार्टचे कंट्रोल चार्ट! आपल्या मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांना क्वालिटी कंट्रोलचा पेपर आठवेल. आम्ही तो पाठ करून विसरलो होतो, आणि इथे आईच्या पोटॅशियमचा आकडा त्याच्या भरवशावर छापला जातो.

पोटॅशियमवरून आठवलं. रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो. यंत्राचं काही चुकलेलं नसतं. अशा आकड्यावर वॉर्डातल्या डॉक्टरने उपचार सुरू केले तर पंचाईत. तेव्हा आकडा बघून 'हे पटत नाही, नमुना पुन्हा पाठवा' असं सांगणारा डॉक्टर लॅबमध्ये लागतो. या फिरतीत रेसिडेंट ते शिकतो, आणि वॉर्डातून येणारे चिडके फोन घ्यायलाही शिकतो.

लहान मुलांचे आजार आणि बाळंतपणाशी संबंधित पॅथॉलॉजी यासाठी सिंगहेल्थचे रेसिडेंट केके हॉस्पिटलात जातात. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं तिथे जन्मली, एवढं म्हणून पुढे जातो. (१९६६ मध्ये एकाच वर्षात तिथे ३९,८३५ बाळं जन्मली होती आणि तो विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला होता, हे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

ही फिरती एवढी का करायची, एका जागी बसून नाही का शिकता येणार? हा प्रश्न आम्ही विचारलाच. तिचं उत्तर : प्रत्येक हॉस्पिटलात येणारे रुग्ण वेगळे. एकाच ठिकाणी राहिलं तर काही आजार शंभरदा दिसतील आणि काही पाच वर्षांत एकदाही नाही. आणि सही करायला लागल्यावर नेमका तोच समोर आला तर? म्हणून कुणी कुठे किती महिने, याचं कोष्टक वर्ष सुरू व्हायच्या आधीच बनतं आणि ते जुळवणं ही मोठी डोकेदुखी असते. एका वेळी एका टेबलावर दोनच शिकाऊ बसू शकतात, कुणाची परीक्षा असते, कुणाचं बाळंतपण. वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर आम्ही लिहून देऊ का, असंही विचारून झालं. ती नुसती हसली.

२०२० मध्ये ही फिरती एकदम थांबली होती. ७ फेब्रुवारीला डॉरस्कॉन ऑरेंज झालं, त्या दिवशी आपण सगळे फेअरप्राइसमध्ये तांदळाच्या रांगेत उभे होतो! डॉक्टरांनी एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाणं मर्यादित केलं गेलं. जो जिथे होता तिथेच राहिला. दोघांनी एका सूक्ष्मदर्शकावर डोकं टेकवून बसणं हीसुद्धा धोक्याची गोष्ट ठरली. स्लाइड स्कॅन करून पडद्यावर बघायचं तंत्र आधीपासून होतं, पण या काळात ते शिकवण्यासाठी जगभर जास्त वापरलं गेलं.

परीक्षेचं थोडक्यात. एफ.आर.सी.पॅथ.चा पहिला भाग लेखी. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष स्लाइड. त्यात छोट्या केसेसचा एक भाग असतो : वीस केसेस, दोन-दोनच्या जोडीने, प्रत्येक जोडीला वीस मिनिटं. बघायचं, निदान लिहायचं, पुढे. वीस प्रकारच्या फिरत्यांमधलं काय कुठून येईल याचा नेम नाही. इंजिनिअरिंगचे आमचे 'चार प्रश्न ऑप्शनला टाकायचे' हे धोरण इथे कामाचं नाही.

आपल्याकडच्या पद्धतीशी तुलना केल्याशिवाय गप्पा संपत नाहीत. महाराष्ट्रात एम.डी. पॅथॉलॉजी तीन वर्षांची, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. त्यात हिस्टोपॅथॉलॉजी, सायटॉलॉजी, हिमॅटॉलॉजी, रक्तपेढी अशा पाळ्या असतात. मायक्रोबायॉलॉजी आणि बायोकेमिस्ट्री मात्र वेगळ्या एम.डी. आहेत. शिवाय प्रबंध लिहावा लागतो. २०२१ च्या तुकडीपासून आणखी एक फिरती आली आहे : तीन महिने जिल्हा रुग्णालयात. म्हणजे जे.जे. किंवा के.ई.एम.मधल्या रेसिडेंटला मोठ्या कॉलेजबाहेरची लॅबही बघावी लागते. आम्हाला ही कल्पना आवडली. केसेसच्या संख्येत तर आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलांचा हात कुणी धरणार नाही. अमेरिकेत दोन्ही शाखा मिळून चार वर्षं आणि आकडे ठरलेले : किमान २००० सर्जिकल नमुने, १५०० सायटॉलॉजी, २०० फ्रोझन. आमच्या मते वर्षांच्या संख्येवरून कोण चांगलं ते ठरत नाही. तीन वर्षांत पोराने किती वेळा कन्सल्टंटसमोर बसून 'का?' या प्रश्नाचं उत्तर दिलं, ते मोजायला हवं. पण ते कुठल्याच कोष्टकात मावत नाही.

आणि या विषयात मराठी नाव सुरुवातीपासून आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांना भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. लंडनला शिकून मुंबईत परतले, जी.एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं, १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आमच्या पिढीला शाळेत हे नाव कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

ज्यांची भाची-पुतणी तिकडे एम.डी. करते आहे आणि 'सिंगापूरला येता येईल का' असं विचारते, त्यांच्यासाठी एक सूचना. इथे दोन वेगळी दारं आहेत : डॉक्टर म्हणून नोंदणी सिंगापूर मेडिकल कौन्सिलकडे, आणि तज्ज्ञ म्हणून मान्यता स्पेशालिस्ट्स ॲक्रेडिटेशन बोर्डाकडे. एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. परदेशी विद्यापीठांची मान्य यादी १ जानेवारी २०२० पासून १६० वरून १०३ वर आणली गेली आणि त्यानंतरही तिच्यात बदल होत आले आहेत. तेव्हा कुणाच्या काकांनी दहा वर्षांपूर्वी काय केलं यावर न जाता, कौन्सिलच्या संकेतस्थळावरची त्या दिवशीची यादी बघावी.

असो. आईचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. कॅन्सर नव्हता. 'स्क्लेरोसिंग ॲडिनोसिस' असं लांबलचक नाव होतं. स्तनातल्या सूक्ष्म ग्रंथींभोवती पेशींचं एक कुंपण असतं. कॅन्सर पसरायला लागला की ते कुंपण नाहीसं होतं. या आजारात ग्रंथी घट्ट ऊतींमध्ये दाबल्या जाऊन अशा वेड्यावाकड्या दिसतात की साध्या जांभळ्या-गुलाबी स्लाइडवर कॅन्सरच पसरतोय असं वाटावं. म्हणून कुंपणाच्या पेशी तेवढ्या रंगवणारी वेगळी तपासणी करतात. ती मागवायला आणि व्हायला ते जास्तीचे तीन दिवस लागले होते. कुंपण जागेवर होतं.

आईने रिपोर्ट घडी करून तिच्या त्या कायमच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाई पुन्हा आली तेव्हा आईने पिशवीतून कागद काढून तिला दाखवला. खाली एकच नाव होतं, कन्सल्टंटचं.

"मग त्या शिकणाऱ्याला कळलं असेल का गं, शेवटी काय निघालं ते?" आईने विचारलं.

"हो आजी," ती म्हणाली. "तो रंग लावलेली स्लाइडसुद्धा आधी त्याच्याच टेबलावर जाते."